पट्टी की छत्री

वैजू,

काल तुझं रॉकेट सोडलं. तेच, फ्रिजवर उभं करून ठेवलेलं, पांढरं, निळ्या पंखांचं. कसं गेलं, काय झालं, ते तुला सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. बाकीचे 'अरेरे' म्हणतात आणि चहाचं विचारतात.

इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी त्यांच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. 'मॅडमचा परिचय, शिक्षण, कार्य, असं काहीतरी द्या,' असं फोनवर म्हणाले. मी म्हटलं, बघते. तुझं कार्य! मोहालीला नॉलेज सिटीतल्या कॉलेजात तू पोरांना भौतिकशास्त्र शिकवायचीस, पोरं तुला घाबरायची आणि नंतर लग्नाची पत्रिका घेऊन घरी यायची, हे लिहितील की दुसरे कुणीतरी. मला लिहायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. ते मिटलेलं नाही, आता मिटायचंही नाही, आणि त्यानं माझा जीव खाल्लाय.

आपली ओळखसुद्धा रॉकेटमुळंच झाली. एका शाळेच्या मैदानावर पोरांनी केलेली छोटी रॉकेटं उडवायची होती, आणि आमच्या सेक्टर तीसच्या लॅबमधून मी उंची मोजायचं यंत्र घेऊन आले होते. एवढंसं यंत्र, पण महिनाभर जपलेलं. ते एका रॉकेटात बसवलं आणि ते दिवटं सरळ वर जायचं सोडून कँटीनच्या छपरावर गेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मुडदा बशिवला तुझा!" मैदानाच्या त्या टोकाकडून एक बाई साडीच्या निऱ्या धरून पळत आली.

"अव माय, मराठी! कोल्हापूरकडची का वो तू?"

"गडहिंग्लजची."

"मी नागपूरची. शिवी देऊन राहिली का रॉकेटला? दे, अजून एक दे. किती दिवसांनी ऐकली."

सकाळपासून रात्रीपर्यंत 'हांजी, हांजी' करून माझी जीभ आखडली होती. तू आलीस आणि मला पुन्हा भांडायला माणूस मिळालं. नवऱ्याशी भांडण वेगळं असतं, ते मिटवावं लागतं. तुझ्याशी भांडण मी रविवार ते रविवार जपून ठेवायचे.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते, तू कंटाळशील. रॉकेट वर जायला अक्कल लागत नाही. पुठ्ठ्याची नळी, बाल्साच्या हलक्या लाकडाचे पंख, प्लास्टिकची टोपी, खाली विकतची छोटी मोटर, आत फटाक्याची दारू ठासलेली. पेटवली की ते जातंच. अक्कल लागते ती खाली आणायला. वर पोचल्यावर मोटर शेवटचा एक बार काढते, टोपी उडते आणि आत जे भरलं असेल ते बाहेर पडतं. छत्री भरली असेल तर ती उघडते, रॉकेट हळूहळू तरंगत येतं, पण वारा नेईल तिकडं जातं. पट्टी भरली असेल, म्हणजे कागदाची लांबलचक फीत, तर ती फडफडते, वेग थोडा कमी करते, रॉकेट झपकन खाली येतं आणि जवळच पडतं. जवळ पडतं, पण आपटतं. तू मध्यंतरी भिंगरीचाही नाद केलास, पंख उलगडून गरगरत उतरणारं एक केलंस. ते उतरलं खरं, पण तुलाच चक्कर आली बघून.

रॉकेट हलकं असेल, वारा असेल तर पट्टी घालावी. जड असेल, जमीन टणक असेल तर छत्री. पुस्तकात एवढंच. आपली सगळी रॉकेटं मेली अधलीमधली, आणि खरड गावाच्या पुढं जिथं आपण ती सोडायचो तिथं वाराही असायचा आणि जमीनही टणक. त्या प्लॉट पाडलेल्या माळावर रस्ते आखलेत, नंबराचे दगड रोवलेत, घर एकही नाही. बाजूला सरसोंचं, म्हणजे मोहरीचं शेत, पलीकडं विजेच्या मोठ्या तारा. मी छत्रीवाली, तू पट्टीवाली. भांडण आयतंच होतं.

"हरवण्यापेक्षा मोडलेलं बरं," तू म्हणायचीस. "मोडलेलं जोडता येते ना, शैले."

"आणि दरवेळी मोडूनच आणायचं का? जपून उतरवायला काय होतंय तुला?"

"जपून उतरव आणि तारेवर टांग."

तारेवर टांगलेलं माझं ते लाल रॉकेट अजून तिथंच आहे. छत्री काय सुंदर उघडली होती, वैजू! सावकाश, तोऱ्यात गेली आणि तारेला गळामिठी मारून बसली. त्यानंतर तिथून जाताना तू दरवेळी गाडी हळू करायचीस आणि हात जोडून म्हणायचीस, "शैलाबाईंची छत्री, दर्शन घ्या." काल मी एकटी गाडी चालवत होते, तुझी लेक रेवा शेजारी बसली होती. त्या वळणावर गाडी आपोआप हळू झाली. दोघींपैकी कुणी हात जोडले नाहीत.

नियम तूच केलेस. पहिला नियम, ज्यानं निवडलं त्यानं आणायचं. छत्री माझी, तर रॉकेट जाईल तिकडं मी जायचं. त्या नियमानं मला सरसोंमधून, नाल्यातून, म्हशींच्या गोठ्यातून फिरवलं. एकदा एक सरदारजी छपरावर उन्हाला बसले होते, त्यांनी मला विचारलं, "मॅडम जी, कुछ गुम हो गया?" मी म्हटलं, "रॉकेट." त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. तू तोवर घडीच्या खुर्चीवर, मांडीवर थर्मास, "डावीकडे! अगं डावीकडे! काहून उजवीकडे जाऊन राहिली?" तुझं रॉकेट पडायचं ते खुर्चीसमोर. उठायचीस, चार पावलं चालायचीस, मोडलेला पंख उचलायचीस आणि गाडीत बसून डिंक लावत बसायचीस. राणीसारखी.

दुसरा नियम, टोपी लावली की आत काय आहे ते विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. नाहीतर आपण पेटवायच्या जागी उभं राहून तासभर वाद घालायचो आणि वारा सुटायचा. टोपी लागली की भांडण बंद. वर गेल्यावर जे दिसेल ते दिसेल.

आणि एक गोष्ट होती जी नियमात नव्हती, कारण ती फक्त माझ्या कामाची होती. छत्रीचं प्लास्टिक इथल्या थंडीत आखडतं. आदल्या दिवशी घडी घालून नळीत भरलं तर घडी बसते ती बसतेच, वर गेल्यावर उघडत नाही, गोळाच्या गोळा खाली येतो. म्हणून मी छत्री स्वेटरच्या आत पोटाशी धरून आणायचे आणि माळावर अगदी शेवटी, अंगाला लावायची पावडर चोळून भरायचे. तू हसायचीस. "काय अंडं उबवून राहिली?" तू तुझी पट्टी आदल्या दिवशीच भरून, टोपी लावून, तयार रॉकेट घेऊन यायचीस. "पट्टीचं हेच सुख," म्हणायचीस. कागदाला थंडी वाजत नाही. छत्री का उबवतात ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. तुला काय करायचं होतं ते? तू पट्टीवाली.

आपलं शेवटचं बोलणं गुरुवारी दुपारी झालं. या नव्या रॉकेटवरूनच. तू त्याचे पंख इतके पातळ कापले होतेस की उन्हात धरले तर बोटं दिसावीत. कॉलेजातून आल्यावर रोज थोडं घासायचीस. मला फोटो पाठवलास तेव्हा मी तसाच फोन केला.

"वैजू, हे पट्टीवर टाकू नकोस. आपटलं की भुगा होईल. या वेळी तरी छत्री घाल बाई."

"आणि सरसोंमध्ये गेलं तर?"

"मी आणीन."

"असं नाही चालत. ज्यानं निवडलं त्यानं आणायचं."

"मग तू आण. तेवढंच चालणं होईल. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"माझं रॉकेट, माझी मर्जी. पट्टीच घालीन, पक्का."

"मूर्ख आहेस तू," मी म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

त्याचं मला काही वाटत नाही. तू मला रोज याच्यापेक्षा वाईट बोलायचीस. मूर्ख म्हणून निरोप घेतला यात आपल्यात काही वावगं नाही. मला टोचतंय ते वेगळंच, आणि ते काल कळलं.

शनिवारी दुपारी तू स्वयंपाकघरात खाली बसलीस, रेवाला म्हणालीस की डोकं दुखतंय, आणि मग बोललीच नाहीस. डोक्यातली शीर फुटली म्हणाले. मी हॉस्पिटलात पोचले तोवर रेवा बाहेरच्या बाकावर तुझी चप्पल मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "मावशी, मम्मा की चप्पल." एवढंच. मी तिच्या शेजारी बसले. एकमेकींना धरायला पाहिजे होतं, पण मध्ये ती चप्पल होती.

नंतर लोक आले. तुझ्या हॉलमध्ये एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडमचा आत्माही आता रॉकेटसारखा वर गेला असेल." तू असतीस तर त्यांना विचारलं असतंस की वर गेला ते ठीक, खाली कसा आणणार? मी मनात गडहिंग्लजची सगळ्यात मोठी शिवी दिली आणि उठून स्वयंपाकघरात गेले. तिथं फ्रिजवर ते उभं होतं. टोपी लावलेलं.

तुझा चहाचा कप धुऊन पालथा घातलेला होता. तुझा चष्मा खिडकीत होता. मी त्यांच्याकडं बघू शकले. रॉकेटकडं बघवेना.

चार दिवसांनी रेवानंच विषय काढला. "मावशी, मम्मा का रॉकेट पैक्ड है. फ्रायडे को ही पैक कर दिया था. मैंने पूछा अंदर क्या डाला, बोली टोपी लागली, आता विचारायचं नाही." तुझं वाक्य तिनं मराठीतच म्हटलं, तुझ्या हेलात. मग म्हणाली, "खोल के देख लें?"

मी नको म्हटलं. आता तुला खरं सांगते, का ते. मला माहीत होतं आत काय आहे. शुक्रवारी भरलंस, म्हणजे पट्टी. छत्री कुणी दोन दिवस आधी भरतं का? तू मरेपर्यंत माझं ऐकलं नाहीस, आणि मला ते आकाशात बघायचं होतं. ती पट्टी बाहेर पडेल, फडफडेल, आणि मी खालून ओरडेन, "बघ, सांगितलं होतं ना! मोडले की नाही पंख!" मला तेवढं एक वाक्य बोलायचं होतं तुला. टेबलावर टोपी काढून बघितलं असतं तर तो नुसता कागद झाला असता. शिवाय आतली घडी तुझ्या हातची होती. ती मी विस्कटणार नव्हते. रेवाला म्हटलं, धुकं कमी झालं की एका सकाळी जाऊ.

काल सकाळचं धुकं दहा-साडेदहापर्यंत हटलं नाही. आम्ही गाडीत बसून होतो, काचा धूसर झालेल्या. रेवा थर्मास घेऊन आली होती, चहा तुझ्यासारखाच गोडमिट्ट केला होता. मी खुर्ची काढून मांडली. का मांडली कुणास ठाऊक, सवय. दोघींपैकी कुणी तिच्यात बसलं नाही.

मग ऊन आलं. वारा अगदी कमी होता. वैजू, तुला सांगते, छत्रीसाठी इतका चांगला दिवस मी पाहिला नाही. मनात आलं, छत्री असती तर हे रॉकेट सरळ आपल्या पायाशी येऊन उतरलं असतं. मी ते रेवाला बोलूनही दाखवलं. "तुझ्या आईनं ऐकलं असतं तर आज सरसोंचीसुद्धा भीती नव्हती."

रॉकेट सळईवर चढवलं, तारा जोडल्या. रेवानं बटण हातात घेतलं आणि मोजायला लागली, पाच, चार, तीन. बाकी सगळं हिंदीत बोलणारी पोर, मोजते मात्र मराठीत. तू शिकवलंस.

गेलं, वैजू. काय सरळ गेलं! इतकी रॉकेटं केलीस पण एवढं सरळ एकही गेलं नव्हतं. ते पातळ पंख एवढेसेही थरथरले नाहीत. वर वर जाऊन ठिपका झालं, थांबलं, आणि बार ऐकू आला. मी तोंड उघडून तयार होते, सांगितलं होतं ना, म्हणायला.

पांढरा ढग निघाला आधी. पावडरचा. केवढी पावडर घातली होतीस! अर्धा डबा ओतला असशील. पट्टीला कुणी पावडर लावत नाही. मला कळलं, आणि त्याच क्षणी त्या पांढऱ्यातून पिवळं काहीतरी बाहेर पडलं. गोल घडी, दोऱ्या गुंडाळलेल्या. मी ओरडले, "उघड! उघड गं!" ती उघडली नाही. नीट, कोपरा न् कोपरा जुळवून घातलेली घडी, शुक्रवारपासून थंडीत आखडून बसलेली. गोळाच्या गोळा खाली आला, आणि मागोमाग ते रॉकेट, नाक खाली करून.

खुर्चीसमोर पडलं. आखलेल्या रस्त्याच्या मधोमध, जिथं तुझी पडायची तिथंच. पंख मोडल्याचा आवाज आला.

तू माझं ऐकलं होतंस. पक्का पट्टी म्हणालीस आणि फोन ठेवल्यावर माझं ऐकलंस. आयुष्यात पहिल्यांदा छत्री कापलीस, दोऱ्या बांधल्यास, पावडर लावतात हे तुला माझं बघून माहीत होतं म्हणून लावलीस, मला चकित करायचं म्हणून काही बोलली नाहीस. आणि पट्टीवाल्या बाईच्या सवयीनं आदल्या दिवशीसुद्धा नाही, शुक्रवारीच भरून टाकलीस. एक फोन केला असतास तर! "शैले, छत्री आधी भरली तर चालते का?" मी म्हटलं असतं, नको, पोटाशी धर, सकाळी भर. एवढंच म्हणायचं होतं मला. पण मग मला कळलं असतं ना आत काय आहे. तू नियम पाळलास, मीही पाळला. टोपी काढून बघू दिलं नाही मी पोरीला.

रविवारी तू ते घेऊन येणार होतीस, चेहरा साळसूद ठेवून. पिवळा गोळा खाली येताना बघून मी तुला काय काय बोलले असते! तू म्हणाली असतीस, "म्हणूनच मी पट्टी घालते ना माय." हसून हसून चहा सांडला असता आपला. तो रविवार मला पाहिजे, वैजू. दुसरं काही नको. तुझ्या आत्म्याला शांती वगैरे ज्यांना मागायचीय त्यांनी मागावी, मला तो एक रविवार पाहिजे आणि तो मिळत नाही.

"मावशी, पट्टी थी?" रेवानं विचारलं. तिला एवढ्या लांबून कळलं नव्हतं.

"नाही गं. छत्री होती."

"मतलब मम्मा ने आपकी बात मान ली थी?"

"हो."

"तो खुली क्यों नहीं?"

"थंडीनं," मी म्हटलं. तिनं माझा हात धरला. तुझ्यासारखाच गरम हात आहे तिचा. थोड्या वेळानं हात सोडवून म्हणाली, "मैं ले आती हूँ."

"थांब."

"क्यों? यहीं तो है."

"आपल्यात ज्यानं निवडलं त्यानं आणायचं असतं."

पोर माझ्याकडं बघत राहिली. मग रडायला लागली, हॉस्पिटलातसुद्धा रडली नव्हती ती. मी तिला धरून उभी राहिले. तुझी खुर्ची घडी करून गाडीत टाकली, थर्मास टाकला, सळई काढली. रॉकेट उचललं नाही. माझ्यानं ती चार पावलं चालवली नाहीत.

ते अजून तिथंच आहे. लांब नाही गेलेलं, वैजू. सरसोंत नाही, नाल्यात नाही, तारेवर नाही. पंख मोडलेत, पण मोडलेलं जोडता येतं, असं तूच म्हणायचीस. तू निवडलंस ना? मग ऊठ, जाऊन आण.